ग्रंथवचन आणि गुरुवचन : मॉर्मन पंथाच्या पहिल्या साठ वर्षांतील वाद

ग्रंथ मोठा की गुरू मोठा, हा प्रश्न आपणा भारतीयांस नवा नाही. एका शास्त्र्याने पोथी उघडून एक वचन काढावे, प्रतिपक्षाने त्याच पोथीतले दुसरे वचन पुढे करावे, आणि अखेर एखाद्या साधुपुरुषाने स्वानुभवाचा दाखला देऊन दोघांनाही निरुत्तर करावे, हे दृश्य आपल्या इतिहासात वारंवार दिसते. परंतु आपल्याकडील अशा वादांपैकी फार थोड्यांची टिपणे उरली. बहुतेकांच्या आख्यायिका तेवढ्या राहिल्या. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत मात्र हाच प्रश्न छापखाना, वर्तमानपत्रे आणि लघुलेखक यांच्या देखत उभा राहिला. गुरू काय बोलला, कोणत्या दिवशी बोलला आणि कोणी काय उत्तर दिले, हे सारे तेथे कागदावर आहे. म्हणून मॉर्मन पंथाच्या आद्य पुढाऱ्यांची विधाने आणि बायबलची वचने शेजारीशेजारी मांडून काय दिसते, याचा विचार या व्याख्यानात करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रारंभीच एक खुलासा केला पाहिजे. ‘मॉर्मन’ हे लोकांनी पाडलेले नाव आहे. येशू ख्रिस्ताची उत्तरकालीन संतांची मंडळी, हे पंथाचे स्वतःचे नाव. आज या मंडळीच्या सभासदांची संख्या तिच्याच हिशेबाप्रमाणे १ कोटी ७० लाखांहून अधिक आहे. त्यांचा धर्म खरा की खोटा, याचा निवाडा करणे हे इतिहासाचे काम नव्हे आणि आमचे तर नव्हेच. विधान आणि वचन यांची गाठ पडली तेव्हा माणसे कशी वागली, एवढेच आपणांस पाहावयाचे आहे.

जोसेफ स्मिथचा जन्म २३ डिसेंबर १८०५ रोजी व्हरमॉंट प्रांतातील एका गरीब शेतकऱ्याच्या घरी झाला. पुढे हे कुटुंब न्यूयॉर्क प्रांतातील पामायरा या गावी आले. त्या मुलखात त्या काळी धर्मजागृतीचे वारे सुटले होते. मेथडिस्ट, बाप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन अशा निरनिराळ्या पंथांचे उपदेशक तंबू ठोकून सभा भरवीत, आणि प्रत्येकाच्या हातात बायबल एकच असे. स्मिथने १८३८ साली सांगितलेल्या आत्मवृत्तात असे म्हटले आहे की, एकाच वचनाचे अर्थ हे गुरुजन इतके भिन्न करीत की बायबलचा दाखला देऊन प्रश्न सुटेल ही आशाच नाहीशी झाली. मग याकोबाच्या पत्रातील पहिल्या अध्यायाचे पाचवे वचन त्याच्या वाचनात आले. ज्याला शहाणपण उणे पडत असेल त्याने ते देवाकडे मागावे, असा त्याचा आशय आहे. चौदा वर्षांचा हा मुलगा रानात जाऊन प्रार्थना करू लागला आणि त्याला साक्षात्कार झाला, असे तो सांगतो.

हा प्रसंग लक्षात ठेवण्याजोगा आहे. वचनांनी वचनांचा वाद मिटत नाही, या निराशेतून हा पंथ जन्मास आला. आणि त्या निराशेतून बाहेर पडण्याची वाट दाखविली तीही बायबलच्याच एका वचनाने. पुढील साठ वर्षांचा सगळा झगडा या एका प्रसंगात बीजरूपाने आहे.

१८३० च्या मार्चमध्ये पामायरातील ग्रँडिन नावाच्या मुद्रकाने ‘मॉर्मनचा ग्रंथ’ छापून प्रसिद्ध केला. ५००० प्रती निघाल्या, आणि त्यांच्या खर्चासाठी मार्टिन हॅरिस नावाच्या अनुयायाने आपली शेती गहाण टाकली. देवदूताने दाखविलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरून आपण हा ग्रंथ भाषांतरित केला, असे स्मिथचे म्हणणे. ६ एप्रिल १८३० रोजी मंडळीची स्थापना झाली. प्रतिपक्षाने ताबडतोब दोन वचने पुढे केली. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल बजावतो की, स्वर्गातल्या दूताने जरी निराळे शुभवर्तमान सांगितले तरी ते मानू नये. आणि प्रकटीकरणाच्या शेवटच्या अध्यायात, या ग्रंथात भर घालणाऱ्यावर संकटे येतील, असा इशारा आहे. दूताने आणलेला नवा ग्रंथ म्हटल्यावर ही दोन्ही वचने जणू त्याच्यासाठीच लिहिली होती, असे विरोधकांस वाटले.

मॉर्मन उपदेशकांकडेही उत्तरे तयार होती. भर घालू नये हा इशारा अनुवादाच्या चौथ्या अध्यायातही आहे. तो अक्षरशः मानला तर त्यानंतरचे सारे बायबलच गाळावे लागेल. प्रकटीकरणाच्या चौदाव्या अध्यायात शुभवर्तमान घेऊन उडणारा एक देवदूत आहेच. यहेज्केलाच्या सदतिसाव्या अध्यायात यहूदाची आणि योसेफाची अशा दोन काठ्या एकत्र जोडल्या जातात. त्यांतील दुसरी काठी म्हणजे आमचा ग्रंथ. योहानाच्या दहाव्या अध्यायात येशू दुसऱ्या मेंढरांविषयी बोलतो. ती मेंढरे म्हणजे अमेरिकेतील प्राचीन लोक. यांतील पहिले उत्तर तर्कदृष्ट्या बळकट आहे हे कोणीही मान्य करील. पुढील तिन्ही उत्तरे मात्र ज्याने नवा ग्रंथ आधीच स्वीकारला आहे त्यालाच पटणारी आहेत. वचनांच्या वादात अशी दोन प्रकारची उत्तरे नेहमीच मिसळलेली असतात, आणि श्रोत्याने ती वेगळी करावयास शिकले पाहिजे.

स्मिथने आणखी एक तिसरी वाटही चोखाळली. १८३० ते १८३३ या काळात त्याने इंग्रजी बायबलचीच दुरुस्ती केली. हिब्रू वा ग्रीक हस्तलिखिते समोर ठेवून केलेले हे संशोधन नव्हते. मूळचे बिघडलेले शब्द ईश्वरी प्रेरणेने पूर्ववत करणे, असे त्याचे स्वरूप सांगण्यात आले. एक उदाहरण पाहू. निर्गमाच्या तेहतिसाव्या अध्यायात अकराव्या वचनात परमेश्वर मोशेशी समोरासमोर बोलतो, आणि विसाव्या वचनात तोच परमेश्वर सांगतो की माझे मुख पाहून कोणी मनुष्य जिवंत राहणार नाही. एकाच अध्यायात, नऊ वचनांच्या अंतराने, ही विसंगती! टीकाकार येथे दोन निराळ्या परंपरा जोडल्या गेल्या असे म्हणतात. पुराणमताचे भाष्यकार समोरासमोर हा शब्द लाक्षणिक मानतात. स्मिथने विसाव्या वचनात मनुष्यामागे ‘पापी’ हे विशेषण घालून गाठ सोडविली. १८४२ साली एका संपादकास पाठविलेल्या पत्रात त्याने पंथाची श्रद्धासूत्रे दिली, त्यांत बायबल हे ईश्वराचे वचन मानतो, परंतु भाषांतर बरोबर असेल तेथवर, अशी अट घातली आहे. या अटीने बायबलचा मान राहिला आणि अंतिम अधिकार मात्र गुरूच्या हाती आला.

आता मुख्य विधानांकडे वळू. तत्पूर्वी साधनांविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. स्मिथची प्रवचने शब्दशः टिपली गेली नाहीत. उपस्थितांनी घाईने केलेल्या टिपणांवरून ती मागाहून जुळविली गेली. ब्रिगम यंगच्या काळी जॉर्ज वॉट नावाचा लघुलेखक होता आणि ती प्रवचने १८५४ ते १८८६ या काळात लिव्हरपूल येथे २६ खंडांत छापली गेली. परंतु वॉटच्या मूळ लघुलिपीचे वाचन अलीकडे झाले, तेव्हा छापील पाठात त्याने बरीच भर घातल्याचे दिसून आले. तेव्हा कोणत्याही एका शब्दावर इमारत उभारू नये. एकंदर आशयावर मात्र विसंबता येते.

पहिले विधान ईश्वरस्वरूपाविषयीचे. १८४४ च्या मार्च महिन्यात इलिनॉय प्रांतातील नॉवू या मॉर्मन नगरात, विहीर बांधताना दगड अंगावर पडून किंग फॉलेट नावाचा एक वडीलधारी सभासद मरण पावला. किंग हे त्याचे नाव होते, पदवी नव्हे. ७ एप्रिल रोजी हजारो लोकांपुढे स्मिथने त्याच्या निमित्ताने प्रवचन केले आणि त्यात सांगितले की, ईश्वर हा एके काळी आपल्यासारखाच होता, तो उन्नत झालेला मानव आहे. आणि मनुष्यांनीही देवपदास पोहोचावयास शिकले पाहिजे.

ख्रिस्ती श्रोत्याला हे ऐकून धक्का बसावा यात नवल नाही. गणनेच्या तेविसाव्या अध्यायात देव हा मनुष्य नव्हे असे सांगितले आहे. यशयाच्या त्रेचाळिसाव्या अध्यायात परमेश्वर म्हणतो की माझ्यापूर्वी कोणी देव झाला नाही व माझ्यामागून होणार नाही. नव्वदाव्या स्तोत्रात तो अनादि अनंत आहे, आणि योहानाच्या चौथ्या अध्यायात तो आत्मा आहे. उलट स्मिथच्या बाजूनेही वचने उभी राहिली. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे. ब्याऐंशीव्या स्तोत्रात तुम्ही देव आहात असे म्हटले आहे, आणि येशूनेही त्याचा आधार घेतला आहे. प्रेषितांच्या कृत्यांत मरणोन्मुख स्तेफनाला देवाच्या उजवीकडे उभा असलेला ख्रिस्त दिसतो. शिवाय १८३६ साली कर्टलंड येथे सेशस नावाच्या शिक्षकापाशी स्मिथ थोडी हिब्रू शिकला होता. देववाचक ‘एलोहीम’ हा शब्द त्या भाषेत रूपाने अनेकवचनी आहे, हे त्याने आपल्या पक्षास जोडून घेतले. हिब्रू व्याकरणकार यावर म्हणतील की, त्या शब्दासोबत येणारे क्रियापद एकवचनी असते आणि अर्थ क्रियापदावरून ठरतो.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाने आणखी एक तुलना केली पाहिजे, आणि ती म्हणजे गुरूच्या आजच्या वचनाची कालच्या वचनाशी. १८३५ साली मंडळीनेच छापलेल्या श्रद्धाविषयक व्याख्यानांत पित्याचे वर्णन आत्मस्वरूप असे होते. १८४३ साली स्मिथने पित्यालाही मांसास्थींचा देह आहे असे सांगितले. १९२१ साली ती व्याख्याने मंडळीने आपल्या धर्मग्रंथातून वगळली. म्हणजे बायबलशी विसंगती ही बाहेरच्यांची तक्रार होती, तर पूर्वीच्या उपदेशाशी विसंगती ही घरातली अडचण होती.

ही अडचण लवकरच रक्ताने लिहिली गेली. पंथातून फुटलेल्या काही मंडळींनी ७ जून १८४४ रोजी नॉवूमध्ये एक वर्तमानपत्र काढले. अनेक देवांचा उपदेश आणि गुप्तपणे चाललेले बहुपत्नीत्व, या त्यांच्या तक्रारींपैकी प्रमुख होत्या. स्मिथ त्या नगराचा अध्यक्षही होता. नगरसभेच्या आज्ञेने १० जूनला तो छापखाना मोडण्यात आला. १६ जूनला स्मिथने अनेकदेववादाचे समर्थन करण्यासाठी पुन्हा प्रवचन केले आणि पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील, पुष्कळ देव व पुष्कळ प्रभू आहेत, या शब्दांचा आधार घेतला. त्याच वाक्याला जोडून पौल पुढे आम्हांला तर एकच देव आहे असे म्हणतो, हे विरोधक दाखवीत होतेच. अकरा दिवसांनी, २७ जून रोजी, कार्थेजच्या तुरुंगात शिरून जमावाने स्मिथ व त्याचा भाऊ हायरम यांना गोळ्या घातल्या. त्यापूर्वी १८३८ साली मिझूरीच्या गव्हर्नराने मॉर्मनांचा उच्छेद करावा अथवा त्यांना प्रांताबाहेर हाकलावे असा हुकूम काढला होता, आणि तो १९७६ पर्यंत दप्तरी तसाच होता. शब्दाच्या वादात एका पक्षाने छापखाना फोडला, दुसऱ्याने माणसे मारली. हे दोन अपराध एका मापाचे नव्हेत. परंतु दोन्ही ठिकाणी वाद करणे सोडून देण्यात आले होते.

दुसरे विधान विवाहाविषयीचे. मॉर्मनच्या ग्रंथात याकोब नावाचा उपदेशक दावीद व शलमोन यांच्या अनेक बायकांचा तीव्र शब्दांत धिक्कार करतो आणि पुरुषास एकच पत्नी असावी असे सांगतो. मात्र देवाने निराळी आज्ञा केल्यास गोष्ट वेगळी, अशी एक पळवाटही तेथे आहे. १२ जुलै १८४३ रोजी लिहून घेतलेल्या साक्षात्कारात त्याच दावीद-शलमोनांचे बहुपत्नीत्व, एखाददुसरा अपवाद सोडता, निर्दोष ठरविले आहे आणि अब्राहामाचा दाखला दिला आहे. स्मिथची पत्नी एमा हिला या साक्षात्कारात नावाने आज्ञा व धाक आहे. एमाने ही गोष्ट मनापासून कधीच मान्य केली नाही. पुढे ती पश्चिमेकडे गेली नाही, आणि तिचा मुलगा १८६० साली बहुपत्नीत्व नाकारणाऱ्या वेगळ्या मंडळीचा प्रमुख झाला.

ब्रिगम यंग १८४७ साली अनुयायांना घेऊन सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचला. २९ ऑगस्ट १८५२ रोजी तेथे बहुपत्नीत्वाची जाहीर घोषणा करण्यात आली, आणि ते काम यंगने ऑर्सन प्रॅट याच्यावर सोपविले. प्रॅट हा गणित व ज्योतिष यांचा व्यासंगी, पंथातला सर्वांत तर्कशुद्ध लेखक. योगायोग असा की, त्याच वर्षी ह्यू फिंडले हा मॉर्मन प्रचारक मुंबईस उतरला. त्याने पुण्यातही एक लहानशी मंडळी जमविली. पण इंग्रज पाद्र्यांचा विरोध तीव्र होता आणि काही वर्षांतच हा उद्योग आटोपला.

१८७० च्या ऑगस्टमध्ये, १२ ते १४ तारखांस, सॉल्ट लेकच्या भव्य प्रार्थनामंदिरात या विषयावर रीतसर वाद झाला. बायबल बहुपत्नीत्वास संमती देते काय, हा विषय. एका बाजूस प्रॅट, दुसऱ्या बाजूस अमेरिकन सीनेटचे धर्मोपदेशक डॉ. न्यूमन. तीन दिवस हजारो लोक ऐकत होते. न्यूमनचा मुख्य आधार लेवीय ग्रंथाच्या अठराव्या अध्यायाचे अठरावे वचन. पत्नी जिवंत असता तिच्या बहिणीशी लग्न करू नये, असा त्याचा रूढ अर्थ. परंतु इंग्रजी बायबलच्या समासात ‘एका पत्नीवर दुसरी’ असा पर्यायी अर्थ छापलेला होता, आणि तो घेतला तर बहुपत्नीत्वाचा सरळ निषेध होतो. प्रॅटने हिब्रू शब्दांची चिकित्सा करून रूढ अर्थच खरा असे प्रतिपादिले. दोन बायका असलेल्या पुरुषाच्या वारसांविषयी अनुवादात नियम आहे, दुसरी बायको केल्यास पहिलीचे अन्नवस्त्र तोडू नये असे निर्गमात आहे. जे निषिद्ध त्याचे नियम कोण करील, असा त्याचा सवाल होता. न्यूमनने उत्पत्तीतील एक पुरुष व एक स्त्री या आरंभाकडे आणि मत्तयाच्या एकोणिसाव्या अध्यायातील येशूच्या बोलण्याकडे बोट दाखविले.

निष्पक्षपाताने पाहता काय म्हणावे? जुन्या करारात बहुपत्नीत्व आढळते व त्याचे नियमनही आढळते, हे प्रॅटचे म्हणणे खोडून काढणे कठीण. परंतु ते परमार्थाचे साधन आहे, मोक्षाशी त्याचा संबंध आहे, असे सांगणारे एकही वचन त्याला दाखविता येण्यासारखे नव्हते. आणि यंगची शिकवण तर नेमकी तशी होती. आढळणे, चालू देणे आणि आज्ञा करणे या तीन निराळ्या गोष्टी आहेत. अब्राहामाच्या घरी हागार होती हे वचन सांगते. हागारेला रानात हाकलून दिले हेही तेच सांगते. त्या घरातील दुःख वाचावयाचे की केवळ संख्या मोजावयाची, हे वाचणाऱ्यावर अवलंबून राहते.

आणि आपणांस स्मरण असेलच, त्याच १८७० साली पुण्यात शंकराचार्यांपुढे विधवाविवाहाच्या शास्त्रीयतेवर वाद झाला. सुधारकांच्या बाजूने विष्णुशास्त्री पंडित होते, आणि पराशरस्मृतीच्या एका श्लोकावर सारा कीस पाडला गेला. निर्णय सुधारकांच्या विरुद्ध गेला. दोन खंडांत एकाच वर्षी पंडित वचने तोलीत होते, आणि दोन्हीकडे ज्यांच्या संसाराचा प्रश्न होता त्या स्त्रियांना वादपीठावर जागा नव्हती.

मॉर्मन बहुपत्नीत्वाचा निकाल अखेर कोणत्याही वचनाने लागला नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७९ साली रेनल्ड्सच्या खटल्यात ठरविले की श्रद्धा स्वतंत्र असली तरी कृती कायद्याच्या ताब्यात आहे. त्या निकालपत्रात, एखाद्या विधवेने सती जाणे हा आपला धर्म मानला तर सरकारने ते अडवू नये काय, असा दृष्टांत आहे. म्हणजे आपल्या देशातील चालीचा दाखला मॉर्मनांविरुद्ध वापरला गेला. पुढे ऋण फिटावे तसे घडले. १९५१ साली मुंबई उच्च न्यायालयासमोर हिंदूंच्या द्विभार्याप्रतिबंधक कायद्याचा प्रश्न आला, तेव्हा न्यायमूर्ती छागला यांनी मॉर्मन बहुपत्नीत्वातून उद्भवलेल्या एका अमेरिकन खटल्याचा आधार घेतला. १८८२ व १८८७ च्या कायद्यांनी मंडळीची मालमत्ता जप्त होण्याची वेळ आली, आणि १८९० च्या सप्टेंबरात अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ याने असे विवाह बंद करण्याचे जाहीर केले.

तिसरे विधान आदामाविषयीचे, आणि आमच्या मते या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण तेच होय. ९ एप्रिल १८५२ रोजी यंगने प्रवचनात असे सांगितले की आदाम हाच आपला पिता व आपला देव आहे. उत्पत्तीत आदाम मातीपासून घडविला आहे, आज्ञा मोडतो, लपून बसतो व बागेबाहेर काढला जातो. पौल त्याला मातीचा पहिला मनुष्य म्हणतो. येथे विरोध करणारा कोणी बाहेरचा पाद्री नव्हता. बहुपत्नीत्वाचा कैवारी तो ऑर्सन प्रॅट याच ठिकाणी अडून बसला. प्रॅटचे म्हणणे असे की, आदाम या पृथ्वीच्या मातीचा आहे असे लिखित शास्त्र सांगते, आणि छापलेल्या साक्षात्कारांशी जे जुळत नाही ते अध्यक्षाने सांगितले म्हणून आपल्या गळी उतरत नाही. यंगचे म्हणणे असे की, जिवंत संदेष्टा असताना जुन्या कागदाला चिकटणे हे आंधळेपण आहे. १८६० साली प्रॅटला जाहीर माघार घ्यावयास लावले, १८६५ साली त्याच्या लेखनाचा निषेध प्रसिद्ध झाला, आणि १८७५ साली त्याची ज्येष्ठता खाली उतरविण्यात आली. या शेवटच्या गोष्टीस कारण १८४२ सालचा त्याचा तात्पुरता बहिष्कार हे दाखविण्यात आले. त्यामुळे यंगच्या मागे अध्यक्षपद त्याच्याकडे येऊ शकले नाही. तरी त्याने पंथ सोडला नाही, आणि आपले मतही मनातून टाकले असे दिसत नाही. १८८१ साली तो वारला. १९७६ साली अध्यक्ष स्पेन्सर किंबल याने आदाम हाच देव हे मत चुकीचे म्हणून जाहीरपणे नाकारले. शंभर वर्षांनी निकाल प्रॅटच्या बाजूने लागला, पण तो ऐकावयास प्रॅट नव्हता.

चौथे विधान कृष्णवर्णीयांविषयीचे. १८५२ च्या आरंभी यूटाच्या विधिमंडळापुढे यंगने सांगितले की, आफ्रिकी वंशाच्या लोकांवर काईनाची खूण आहे म्हणून त्यांना याजकपद मिळणार नाही. स्मिथच्या हयातीत एलायजा एबल नावाच्या कृष्णवर्णी गृहस्थास १८३६ साली ते पद मिळालेले होते. आता वचन उघडून पाहू. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायातील खूण ही काईनाला कोणी मारू नये म्हणून केलेली, म्हणजे रक्षणाची आहे. तीत रंगाचा उल्लेख नाही. नवव्या अध्यायातील शाप नोहा देतो, तोही हामाला नव्हे, त्याच्या कनान नावाच्या मुलाला. पुत्राने पित्याच्या पापाचा भार वाहू नये, हे यहेज्केल सांगतो. स्मिथच्या १८४२ च्या श्रद्धासूत्रांतही माणसास शिक्षा स्वतःच्या पापाबद्दल होते, आदामाच्या नव्हे, असे आहे. मॉर्मनच्या ग्रंथात तर काळा-गोरा, दास-स्वतंत्र हे सर्व ईश्वरापुढे सारखे, असा स्पष्ट आशय आहे. म्हणजे येथे यंगचे विधान बायबलशी, पंथाच्या ग्रंथाशी आणि पंथसंस्थापकाच्या आचरणाशी, तिहींशीही विसंगत होते. हा अर्थ त्याने निर्माण केला नव्हता; अमेरिकेतील गुलामांचे मालक व त्यांचे पाद्री पिढ्यान् पिढ्या हेच वाचन करीत आले होते. त्याच अधिवेशनात गुलामीस मान्यता देणाऱ्या विधेयकास प्रॅटने विरोध केला, हे येथे नमूद केले पाहिजे. याजकपदाची ही बंदी १९७८ च्या जूनमध्ये उठली, आणि २०१३ साली मंडळीने त्यामागील जुन्या उपपत्ती अमान्य केल्या. सव्वाशे वर्षे किती कुटुंबांनी ही पायरी बाहेरून पाहिली असेल, याचा हिशेब कोणत्याही वचनात सापडणार नाही.

आता या चारही प्रकरणांचा एकत्र विचार करू. ईश्वरस्वरूपाविषयीचे विधान पंथाने आजवर टाकलेले नाही. तेथे दोन्ही बाजूंस वचने आहेत आणि श्रद्धेचा प्रश्न श्रद्धेपाशी राहिला. विवाहाचा प्रश्न कायद्याने मिटविला. आदामाचे मत पंथाने स्वतःच सोडले. वर्णाचे बंधन काळाने व पंथाच्या नव्या साक्षात्काराने उठविले. कोठेही असे झाले नाही की, एका पक्षाने वचन दाखविले आणि दुसऱ्याने मान तुकवून आपले विधान मागे घेतले. तर मग ही वचनांची तुलना व्यर्थच म्हणावयाची काय?

आम्हांस तसे वाटत नाही. वचने दाखवून परक्याचे मत पालटत नाही, हे खरे. स्मिथला पामायरात जो अनुभव आला तो खोटा नव्हता. परंतु ग्रंथ लिहिलेला असतो, छापलेला असतो, आणि तो गुरूच्या घरी असतो तसा शिष्याच्याही घरी असतो. गुरूचा शब्द आज एक, उद्या एक होऊ शकतो. ग्रंथ मात्र कालचाच राहतो, आणि म्हणूनच तो शिष्याच्या हातातले माप बनतो. ऑर्सन प्रॅटजवळ सत्ता नव्हती, बहुमत नव्हते. समोर यंगसारखा प्रचंड कर्तृत्वाचा, वाळवंटात राज्य वसविणारा पुरुष होता. अशा वेळी नाही म्हणावयास त्याला कशाचा आधार होता? मातीपासून आदाम घडविला, एवढ्या एका लिखित वचनाचा. त्याने तो सोडला नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. त्याच प्रॅटने त्याच विद्वत्तेने बहुपत्नीत्वासाठी लेवीय ग्रंथाचा कीस पाडला, आणि तेथे एमासारख्या स्त्रीचे दुःख त्याच्या व्याकरणात बसले नाही. ग्रंथ माप देतो. काय मोजावयाचे हे तो शिकवीत नाही. ते शिकण्यास माणसाकडेच पाहावे लागते. पोथीतले वचन आणि गुरूचे वचन यांची तुलना करणाऱ्याने तिसरी एक गोष्ट नेहमी समोर ठेवावी: या विधानाचे ओझे प्रत्यक्षात कोणाच्या खांद्यावर पडणार आहे? एमाच्या, हागारेच्या, एलायजा एबलच्या खांद्याकडे पाहून जो वचन वाचील, त्याचा अर्थ चुकला तरी फार चुकणार नाही. मॉर्मनांच्या या साठ वर्षांतून आपणांस घेण्यासारखे असेल तर ते हेच, असे आम्हांस वाटते.